अमेरिकेत मत देताना 'हे दोघंच का?' असं झालंय का कधी? अनुभव लिहा

सुरुवात मीच करते. २०१९ ला सिटिझन झाले, शपथ झाल्या झाल्या हॉलबाहेरच्या टेबलावर मतदार नोंदणीचा फॉर्म भरला, नवरा म्हणाला अगं पार्किंगचं मीटर संपतंय, घरी जाऊन भर. पण एच१ आणि ग्रीनकार्डच्या रांगेत सोळा वर्षं काढल्यावर मला दम निघत नव्हता. आता गंमत बघा. आम्ही न्यू जर्सीवाले, २०२४ ला आमची प्रायमरी (पार्टीचा उमेदवार ठरवायची आधीची निवडणूक) ४ जूनला, आणि बायडन आणि ट्रम्प दोघांचेही उमेदवारीला पुरेसे डेलिगेट (पार्टीचे प्रतिनिधी) १२ मार्चलाच जमलेले. म्हणजे आमची पंगत बसली तेव्हा आचारी भांडी घासत होते. मग जुलैत बायडननी माघार घेतली आणि नोव्हेंबरच्या बॅलटवर हॅरिस आल्या, ज्यांचं नाव प्रायमरीत नव्हतंच. साताऱ्याच्या मावशीचा लगेच फोन, "आपलीच बाई गं!" म्हटलं मावशी, आपली असेल पण मला कुणी विचारलं कुठे? तर म्हणते, "आम्हाला तरी कोण विचारतं, तिकीट वरूनच येतं."
कोणाला मत दिलं ते लिहू नका, भांडणं लागतात. पर्याय पटला नाही तेव्हा काय केलंत ते लिहा.

रिटायर्ड काका, फ्लोरिडा
मत कोणाला दिलं ते सांगितल्याशिवाय माझा अनुभव लिहिताच येणार नाही, माफ करा. १९७९ पासून इथे आहे. १९९२ ला पेरोंना मत दिलं, दोन्ही मोठ्या पार्ट्यांबाहेरचे उद्योगपती. टीव्हीवर अर्धा अर्धा तास तक्ते घेऊन बसायचे आणि देशाच्या कर्जाचा हिशोब सांगायचे, आमच्यासारख्या इंजिनियरला ते आवडणारच. देशभरात जवळपास १९ टक्के मतं पडली आणि राष्ट्राध्यक्ष ज्यांवर ठरतो ती राज्यांची इलेक्टोरल मतं किती, तर शून्य. कारण जवळजवळ सगळ्या राज्यांत जो पुढे त्यालाच त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं, बाकीच्यांनी घरी जायचं. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण नाही पडला. २००० ला बुश आणि गोर मला एकाच माळेचे मणी वाटत होते म्हणून ग्रीन पार्टीच्या नेडरना दिलं, आणि तेही कुठे तर फ्लोरिडात! बुश राज्यात ५३७ मतांनी पुढे आणि तेवढ्यावर राष्ट्राध्यक्ष, नेडरना तिथे ९७ हजारांच्या वर मतं. महिनाभर टीव्हीवर फेरमोजणीची माणसं भिंग लावून बॅलटची भोकं बघत होती आणि मी आमच्या सोफ्याच्या कोपऱ्यात गप्प बसून. सौ. गोरवाल्या. २००३ ला इराक युद्ध सुरू झालं त्या रात्री आमटी वाढताना म्हणाल्या, "घ्या, नेडरवाले." अजूनही पाहुण्यांसमोर तेच नाव आहे माझं. २००४ पासून मुकाट्याने दोघांतल्या एकाला देतो. माळ एकच नव्हती हे आता मलाही मान्य आहे, पण मनापासून आवडला त्याला मत दिलं यात माझा गुन्हा काय, हे त्यांनाही सांगता आलेलं नाही.

पोर्टलंडची (मेनमधलं, ऑरेगनचं नाही)
काका, आमच्या राज्यात असतात तर सुटला असतात :) इथे २०२० पासून राष्ट्राध्यक्षालाही पसंतीक्रम आहे. पहिला नेडर, दुसरा गोर असं करता आलं असतं. आपल्याकडे पदवीधर मतदारसंघाला १, २, ३ आकडे लिहितो ना, साधारण तसंच, फक्त इथे गोल रंगवायचे.

डेट्रॉइटजवळून
मिशिगनची प्रायमरी २७ फेब्रुवारीला झाली. अरब वस्तीच्या डिअरबॉर्नची एक कलीग आहे, आम्ही रोज एकत्र जेवतो, गाझामधल्या बातम्या येत होत्या तेव्हा ती डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. बायडनांचा निषेध म्हणून तिने 'अनकमिटेड'चा (कोणालाच बांधील नाही) गोल रंगवला, एक लाखाच्या वर लोकांनी रंगवला, मीही रंगवला. घरी नवऱ्याशी चार दिवस अबोला, त्याचं म्हणणं हे म्हणजे नाक कापून अपशकुन. नोव्हेंबरला परत त्याच शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रिंगखाली, दोरीने बांधलेलं काळं पेन हातात, आणि बॅलटवर रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांचं नाव. ते ऑगस्टमध्येच बाहेर पडले होते, नाव काढा म्हणून कोर्टातही गेले होते, तरी आमच्याकडे नाव राहिलं. ज्याला उभं राहायचं नाही त्याचा पर्याय आहे आणि मला 'यातलं कोणीच नको' म्हणायचंय त्याचा गोल नाही. पेन टेकवून किती वेळ उभी होते माहीत नाही, मागची बाई खाकरली मग रंगवला एकदाचा.

नेवाडाकर
आमच्याकडे आहे की तो गोल, १९७० च्या दशकापासून! २०२४ च्या रिपब्लिकन प्रायमरीत ट्रम्प यांचं नाव नव्हतं, ते कॉकसमधून (पार्टीच्या वेगळ्या बैठका) उभे होते, तर 'यांपैकी कोणीही नाही'ने त्यांच्या प्रतिस्पर्धी निकी हेलींना आरामात हरवलं. उपयोग शून्य, कारण हा गोल पहिला आला तरी जिंकतो माणूसच.

लातूर
अमेरिकेत नाही राहत पण राहवलं नाही म्हणून लिहितो. २०१९ च्या विधानसभेला आमच्या लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या नंबरवर होता, २७ हजारांच्या वर मतं. चहाच्या टपरीवर आठवडाभर तोच विषय. पहिला आला असता तरी फरक पडला नसता, आमदार दुसऱ्या नंबरचाच झाला असता. तेव्हा तुमचं नि आमचं सेम आहे.

फ्रीमाँट
मी तर फॉर्ममध्येच फसले. कुठल्याच पार्टीची नाही म्हणून 'इंडिपेंडंट' शोधत होते, 'अमेरिकन इंडिपेंडंट' दिसलं, खूण केली. ती चक्क एक पार्टी निघाली!! १९६८ ला वर्णभेदवाल्या वॉलेसना उभं करणारी. आणि मी कोथरूडची, साडीत पूजा करून प्रायमरीचं पोस्टाचं बॅलट उघडतेय तर राष्ट्राध्यक्षासाठी एकही ओळखीचं नाव नाही. मुलगा कॉलेजात राज्यशास्त्र शिकतो, तो खुर्चीवरून पडायचा बाकी होता. मला वाटायचं मी एकटीच वेडी, नंतर कळलं की कॅलिफोर्नियात असे फसलेले ढीगभर आहेत. नोव्हेंबरच्या बॅलटवर मात्र प्रपोझिशन (लोकांनी थेट हो-नाही मत द्यायचे प्रस्ताव) इतकी की वाचायला दोन संध्याकाळ आणि एक थर्मास चहा लागतो, तिथे पर्यायांना काही तोटा नाही.

फिलीच्या बाहेर
न्यू जर्सीवाल्या ताई, तुमची पंगत उशिरा, आम्हाला तर दारातच अडवतात. पेन्सिल्वेनियाची प्रायमरी बंद, पार्टीत नोंद असेल तरच मत. मी अपक्ष म्हणून नोंदलेला, त्यामुळे एप्रिलमध्ये घरी. बायको रिपब्लिकन, तिने हेलींना दिलं, ज्या मार्चमध्येच बाहेर पडल्या होत्या, तरी राज्यात दीड लाखावर मतं पडली. आणि मग आमचं राज्य काठावरचं, कुणीकडेही झुकेल असं, म्हणून सप्टेंबरपासून आम्ही जावईबापू. रोज मेसेज, दारावर पोरं, मेलबॉक्समध्ये गुळगुळीत पत्रकं. दिवाळीत बेल वाजली, फराळाचं ताट घेऊन पाहुणे आले समजून दार उघडलं तर क्लिपबोर्ड घेतलेला मुलगा, "आर यू अनडिसायडेड सर?" त्याला चकली दिली, खुश झाला.

धागा काढणारी
जावईबापू तरी झालात! न्यू जर्सीचा निकाल ठरलेलाच, माझ्या दारावर एक माणूस आला नाही. गटर साफ करणारा आला होता फक्त.

ग्रीनकार्डवाला, ह्यूस्टन
बारा वर्षं टॅक्स भरतोय, मत नाही. तुमची भांडणं वाचून बरं वाटलं. काकूंना म्हणावं, आता सोडा काकांना.