मदत हवी आहे: अ‍ॅप तपासलं, आता त्यातलं 'ज्ञान' तपासा म्हणतायत!

चौथं_वर्ष: पीएचडी, डिझाइन सायन्स रिसर्च (उपयोगी वस्तू बनवायची आणि त्यातून ज्ञान काढायचं). आर्टिफॅक्ट (बनवलेली वस्तू, माझ्याकडे अ‍ॅप) तयार आहे, चालतंय, एसयूएस स्कोअर (वापरायला किती सोपं, 100 पैकी) 74 आलाय, तरी गाइड म्हणतात तू वस्तू तपासलीस, तिच्यातून निघालेलं ज्ञान कुठे तपासलंस? डिझाइन सायन्सवरचा हेव्हनर मंडळींचा 2004 चा पेपर तीनदा वाचला, त्यातल्या इव्हॅल्युएशनच्या पद्धती मला सगळ्या आर्टिफॅक्टच्याच वाटतात. सोमवारी प्रेझेंटेशन आहे, कोणीतरी सरळ सांगा, पीडीएफचा ढीग नको.

कोरडा_चहा: बनवलंय काय ते सांगा की आधी.

आकडेमोडे: एसयूएसची सरासरी 68 धरतात, तुमचा वर आहे, झालं. फारतर टॅमची (लोक तंत्रज्ञान स्वीकारतील का, त्या मॉडेलची) प्रश्नावली 200 जणांकडून भरून घ्या आणि त्या उत्तरांवर पीएलएस हे संख्याशास्त्रीय विश्लेषण चालवा. आमच्याकडे सगळे हेच करतात.

कोरडा_चहा: सगळे करतात हीच तर बोंब आहे. टॅममधून कळतं की लोकांना ते उपयोगी नि सोपं वाटतं का. डिझाइनमागचा तर्क खरा की खोटा हे त्यातून कसं कळणार?

आकडेमोडे: बिनआकड्याचा थिसिस घेऊन एक्स्टर्नलसमोर तुम्ही बसा मग.

चौथं_वर्ष: भांडू नका हो. कांदाचाळीत तापमान-आर्द्रतेचे सेन्सर, मोबाइलवर अलर्ट. 11 चाळी, एक सीझन.

लासलगावकर: सेन्सर कशाला, कांदा नीट सुकवून भरा आणि चाळीला खालून हवा ठेवा. वास आला की कळतंच.

मृण्मयी_ता: वास येतो तोवर उशीर झालेला असतो दादा. @चौथं_वर्ष, अलर्टचा नियम पहिल्यापासून हाच होता का?

चौथं_वर्ष: नाही ताई. आधी आर्द्रता 70 टक्क्यांवर गेली की मेसेज जायचा. जूनमध्ये पाऊस लागला आणि दिवसाला वीस-वीस मेसेज, एका काकांनी वैतागून फोन तांदळाच्या डब्यात ठेवला. मग बदललं, ढिगाच्या पोटातला सेन्सर आणि चाळीबाहेरचा, दोघांतला फरक वाढत गेला तरच मेसेज. मग लोक उठून बघायला लागले. इम्प्लिमेंटेशनच्या चॅप्टरात दोन ओळी आहेत त्यावर.

मृण्मयी_ता: अहो तेच तुमचं ज्ञान आणि ते दोन ओळींत पुरलंत! डिझाइन प्रिन्सिपल म्हणून लिहा: बाहेरची हवाच दमट असते तिथे ठरलेली मर्यादा नको, आतबाहेरचा फरक दाखवा, कारण अमुक. ते 'कारण' सोडू नका. मग तुमचं अ‍ॅप न पाहिलेल्या दोन-तीन डेव्हलपरना फक्त ते वाक्य द्या आणि काय बनवतात बघा. ईवारी वगैरेंचा 2021 चा पेपर नेमका यावर आहे, प्रिन्सिपल दुसऱ्याला समजतं का, महत्त्वाचं वाटतं का, नवीन आहे का, त्यावरून काही करता येतं का, उपयोग होईल का. आणि ग्रेगर-हेव्हनरच्या 2013 च्या पेपरमधला चौकोन (प्रश्न जुना की नवा, उत्तर जुनं की नवं) काढून तुमचं काम सुधारणेत बसतं की नुसतं रूटीन डिझाइन आहे ते स्वतःच ठरवा, नाहीतर कमिटी ठरवेल.

आकडेमोडे: 11 चाळींवरून जनरलायझेशन?

मृण्मयी_ता: टक्केवारीचं नाही. कुठे चालेल, कुठे नाही, ती हद्द लिहायची.

थिसिसग्रस्त: प्लेजरिझम किती टक्के चालतो कोणाला माहितीय का?

कोरडा_चहा: वेगळा धागा काढा. @चौथं_वर्ष, लोक बघायला लागले ते फरक दाखवला म्हणून, की वीसचे दोन मेसेज झाले म्हणून? मेसेज नुसते कमी केले असतेत तरी हेच झालं नसतं का?

चौथं_वर्ष: अरे देवा. हे डोक्यातच आलं नव्हतं. लॉग आहेत, जूनमधले कमी मेसेजचे दिवस वेगळे काढून बघतो. सोमवारी निदान हा प्रश्न मीच मांडतो.

लासलगावकर: ते असो. आमच्या पाव्हण्यांकडे लसूण आहे, त्याला चालेल का हे?

चौथं_वर्ष: ढीग घालतात की जुड्या बांधून टांगतात?