अलुकार्डचा लाल डगला: चाकराची वर्दी की नुसती झगमग?

शाईचा डाग (चर्चाप्रस्ताव; पुढे प्रत्येक प्रतिसादाआधी सदस्याचं टोपणनाव)

कोउता हिरानोच्या 'हेलसिंग'मधला अलुकार्ड म्हटला की डोळ्यांसमोर येतात लाल पायघोळ कोट, रुंद काठाची हॅट, गोल नारिंगी चष्मा आणि कानापर्यंत फाटलेलं हसू. त्यावरचं नेहमीचं भाष्य एका वाक्यात संपतं: लाल म्हणजे रक्त. मला हा आळस वाटतो. माझं म्हणणं असं की हा वेश रक्तपिपासू सरदाराचा नाही, चाकराचा आहे.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 'यंग किंग अवर्स' मासिकात १९९७ ते २००८ चालला, एकूण दहा खंड. २००१ ची १३ भागांची टीव्ही मालिका मध्येच वेगळ्या वाटेला लागते. २००६ ते २०१२ मधली दहा भागांची ओव्हीए (टीव्हीवर न येता थेट व्हिडिओवर आलेली मालिका) मांगाला धरून आहे. इंग्लंडसाठी पिशाचांची शिकार करणारी हेलसिंग संस्था, तिची प्रमुख इंटेग्रा, आणि तिच्या घराण्याने हरवून कामाला जुंपलेला ड्रॅक्युला, म्हणजेच अलुकार्ड.

आता कपडे पाहा. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत काउंट पहिल्यांदा दार उघडतो तेव्हा नखशिखांत काळ्या कपड्यांत आहे, रंगाचा ठिपकाही नाही. हिरानो त्याच माणसाला लाल चढवतो. लाल डगला ही ब्रिटिश पायदळाची ओळख. लढाईत तो शेवटचा दिसला १८८५ च्या डिसेंबरात सुदानमधल्या गिनिसला, पुढे समारंभापुरता उरला. (लाल डगलेवाले म्हणजे कोण, हे असईच्या लढाईपासून आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही.) कोटाखाली गडद सूट, गळ्यात क्रॅव्हॅट (गाठ मारलेला रुमाल), पायांत घोडेस्वारीचे बूट. ज्यांनी हरवलं त्यांचाच पोशाख अंगावर.

हातमोजे तर उघडच आहेत. पांढऱ्या कापडावर वर्तुळात पाच टोकांची चांदणी, भोवती 'हेल्स गेट अरेस्टेड', 'गॉट मिट उन्स', 'अँड शाइन हेवन नाऊ' ही वाक्यं, आणि शिवाय 'हेलसिंग' हे नाव. गळपट्ट्यावर मालकाचं नाव असतं, तसं. त्याच्या शवपेटीवरची, किमयागारांच्या जुन्या चित्रगुंडाळीतून आलेली ओळही तेच सांगते: हर्मीसचा पक्षी हे माझं नाव, माणसाळावं म्हणून खातो मी माझेच पंख.

उलटतपासणी

मांगा काळा-पांढरा आहे हो! मुखपृष्ठं आणि मोजकी रंगीत पानं सोडली तर त्या दहा खंडांत कोट लाल नाहीच. तुमचा गिनिसचा लाल डगला वाचकाला दिसतो कुठे? ज्या चित्रकाराचं नव्वद टक्क्यांहून जास्त काम शाई आणि टोनच्या करड्या छटांमध्ये आहे, त्याने अर्थ रंगात लपवला असं म्हणणं म्हणजे रेडिओवर मेकअपची तारीफ.

दुसरं. लाल लांब कोट आणि गोल रंगीत काचांचा चष्मा हा ऐवज 'ट्रायगन' या मांगाच्या नायकाकडे, वॅशकडे, १९९५ पासून आहे, आणि 'ट्रायगन'चा पुढचा भाग छापला जात होता याच 'यंग किंग अवर्स'मध्ये. तो काय राणीचा शिपाई होता? त्या दशकात लाल पायघोळ कोटांची साथच होती. दिसायला दणकट, वाऱ्यावर उडतो, पान भरतं. बस.

पाणबुडी

'गॉट मिट उन्स' हे नाझींचं घोषवाक्य, आणि ते नाझींनाच मारणाऱ्याच्या हातावर! यापुढे चर्चा कशाला? प्रस्तावाला +१.

उलटतपासणी

@पाणबुडी, घाई नको. 'देव आमच्यासोबत' हे प्रशियाचं जुनं वाक्य. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांच्या पट्ट्याच्या बकलवर होतं, वेअरमाख्टने, म्हणजे नाझी काळातल्या जर्मन सैन्यानेही ते ठेवलं. पण 'हेलसिंग'मधले खलनायक, मिलेनियमवाले, हे एसएसचे, म्हणजे नाझी पक्षाच्या निमलष्करी दलाचे उरलेसुरले. एसएसच्या बकलवर वेगळं वाक्य होतं, 'माझा मान म्हणजे निष्ठा' अशा अर्थाचं. निष्ठेवर उभ्या असलेल्या या कथेत ते वाक्य हातमोज्यावर आलं असतं तर मी निमूट मान्य केलं असतं. ते सोडून लेखकाने जास्त ओळखीचं, कानाला जास्त लष्करी वाटणारं वाक्य उचललं. यालाच मी झगमग म्हणतो.

शाईचा डाग

बकलचा मुद्दा मान्य, तो बरोबर आहे.

रंगाचा नाही. रंग काढून टाकला तरी रचना तेच बोलते. अलुकार्डचं कुठलंही पूर्णाकृती चित्र घ्या आणि दोन सेंटिमीटर उंचीचं करा. काय उरतं? वर हॅटची आडवी पट्टी, खाली कोटाचा गडद त्रिकोण, आणि त्या त्रिकोणावर दोन पांढरे ठिपके. ते ठिपके म्हणजे हातमोजे. चेहरा नाहीसा होतो, हात राहतात. गळ्याखालच्या अख्ख्या आकृतीत पांढरी जागा म्हणजे तेवढीच, त्यामुळे डोळा आधी तिथेच पोचतो. व्हॅम्पायर काढताना सगळे दातांवर जोर देतात. इथे जोर शिक्क्यावर आहे.

जवळून पाहिलं तर चेहऱ्याचंही तेच. हॅटच्या काठाखाली सावलीचा काळा पट्टा, त्यात चष्म्याच्या दोन कोऱ्या चकत्या, खाली दातांची रांग. नाक बहुतेक वेळा एका रेघेत उरकलेलं. भुवया नाहीत, बुबुळं नाहीत. चकत्यांमुळे माणूस आत आहे की नाही तेच कळत नाही. शक्ती मोकळी होते तेव्हा चष्मा जातो, हॅट जाते, केस लांबतात, अंगावर पट्ट्यापट्ट्यांचा काळा पोशाख येतो, वेडाच्या इस्पितळात हात बांधायला घालतात त्या धाटणीचा. म्हणजे मोकळा झाला की बांधलेल्या माणसाचे कपडे! हे योगायोगाने होत नाही.

चांदणी_५

तुम्ही दोघेही हातमोज्यावरची चांदणी युरोपातून आणताय. जपानी वाचकाला ती सैतानाची खूण वाटायचं कारणच नाही. तिथे पाच टोकांची, एका रेघेत काढता येणारी चांदणी म्हणजे हेइआन काळातल्या (आठवं ते बारावं शतक) आबे नो सेइमेई या मांत्रिकाची 'सेइमान' खूण. क्योतोच्या सेइमेई देवळात ती जागोजागी दिसते. इसे-शिमाच्या आमा, म्हणजे शिंपल्यांसाठी बुडी मारणाऱ्या बायका, हीच चांदणी डोक्याच्या फडक्यावर शिवतात. रेघ जिथून सुरू होते तिथेच परत येते, म्हणून बुडी मारलेली बाई परत वर येते, हा तिचा एक अर्थ. म्हणजे ही खूण अडवणारी, राखणारी.

आणि पांढरा हातमोजा अधिक चांदणी ही जोडीही नवी नाही. हिरोशी आरामाताच्या 'तेइतो मोनोगातारी'तला लष्करी गणवेशातला मांत्रिक काटो १९८८ च्या चित्रपटात नेमके असेच हातमोजे घालतो. 'हेलसिंग' सुरू झाला तेव्हा हा हात जपानी प्रेक्षकाच्या ओळखीचा होता. फरक एवढाच की काटो ती खूण स्वतः वापरतो, आणि अलुकार्डवर ती दुसऱ्याने वापरलेली आहे. माझ्या मते डिझाइनमधली खरी चाल ही: मांत्रिकाचा हातमोजा भुताच्या हातात.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, मग लाल डगल्यावर परत या.

काडतूस

शस्त्रांबद्दल कोणी बोलतच नाही. एक रुपेरी पिस्तूल, एक काळं. रुपेरी .४५४ कॅसुलचं, काळं 'जॅकल' १३ मिमीचं, लांबी ३९ सेंमी, वजन १६ किलो, सहा गोळ्या. .४५४ कॅसुल हे खरं काडतूस आहे, पण रिव्हॉल्वरचं. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. ती कड रिव्हॉल्वरच्या नळकांड्यात काडतूस अडवून धरायला उपयोगी. मॅगझिनमध्ये मात्र वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली की पुढचं काडतूस सरकत नाही, पिस्तूल जाम. तशी ऑटोमॅटिक पिस्तुलं जगात आहेत, पण हा त्रास सांभाळून बनवलेली. आणि १६ किलो म्हणजे गव्हाची छोटी गोणी एका हातात आडवी धरणं.

म्हणून मी उलटतपासणींच्या बाजूने. ज्याने काडतुसाची कड पाहिली नाही त्याने किमयेच्या गुंडाळीतलं प्रतीकशास्त्र पाहून ठेवलं होतं, हे पटायला जड जातं. दणदणीत नाव दिसलं, उचललं.

शाईचा डाग

उचललं असेल. पण १६ किलो ही चूक नाही, ती खूणच आहे. माणसाला झेपणार नाही असं पिस्तूल हेलसिंगचा बटलर वॉल्टर मुद्दाम त्याच्यासाठी बनवून आणतो. तेही मालकाच्या घरातून मिळालेलं हत्यार. याला नखं आणि दात असताना हा गोळ्या झाडतो, म्हणजे लढतोसुद्धा दिलेल्या अवजाराने.

किमयेचं म्हणाल तर ती ओळ हिरानोची नाहीच. पंधराव्या शतकातल्या जॉर्ज रिप्लीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रगुंडाळीतली आहे. तिच्या वीसहून अधिक प्रती आज टिकून आहेत. चित्रात गोलावर उभा पक्षी, मुकुट घातलेलं माणसाचं डोकं, आणि तो आपलाच पंख चावतोय. हर्मीस म्हणजे पारा. किमयागारांच्या लेखी पारा उडून जाणारा, हाताला न लागणारा. त्याला स्थिर करणं हे पहिलं काम. पंख खाल्ले म्हणजे उडणं संपलं. धुकं, वटवाघळं, काळा कुत्रा असा हवा तो आकार घेणाऱ्या प्राण्यावर यापेक्षा नेमकी ओळ कोणती लिहिणार?

पाणबुडी

मग किमयेच्या टप्प्यांचे तीन रंगही घ्या ना! काळा, पांढरा, लाल. १९४४ च्या वॉर्साच्या कथेत तो पांढऱ्या सुटातल्या मुलीच्या रूपात आहे, १९९९ मध्ये लाल. आधी व्लाद (ड्रॅक्युला माणूस होता तेव्हाचं नाव) म्हणून काळा. क्रम जुळतो.

उलटतपासणी

जुळवला की जुळतो. काळ्या पट्ट्यांचा पोशाख लालच्या नंतर येतो, तो कुठल्या खणात टाकणार? पांढरा सूट ज्यात आहे ती पूर्वकथा मूळ मांगा सुरू झाल्यावर आली. आधी लाल काढला, मग पांढरा सुचला. तीन रंग कुठल्याही पात्रात सापडतात, झेब्रा क्रॉसिंगवर लाल बस थांबली तरी सापडतात.

आता मूळ प्रस्तावाकडे. 'गळपट्टा' ही उपमाच चुकीची आहे. (ओव्हीए न पाहिलेल्यांनी हा परिच्छेद सोडा.) लंडनच्या लढाईत इंटेग्रा शेवटचं बंधन उठवते, शून्य पातळी. लाल डगला जातो, व्लादचं चिलखत येतं, दाढी येते, गिळलेले सगळे जीव फौज होऊन बाहेर पडतात. त्या क्षणी त्याच्यावर काहीही बंधन नाही. आणि तो काय करतो? तिच्यासमोर गुडघा टेकतो. गळपट्टा काढल्यावरही कुत्रा पायाशी बसत असेल तर त्याला धरून ठेवणारी गोष्ट गळपट्टा नव्हती. मग हातमोजे, शिक्का, नाव ही सगळी सजावट ठरते. तुमचाच पुरावा तुमच्यावर उलटतो.

चांदणी_५

हा आतापर्यंतचा सर्वांत वजनदार प्रतिसाद.

कापडचोपड

वाद चालू द्या. कॉस्प्लेसाठी, म्हणजे पात्राचा वेश करण्यासाठी, हातमोजे करणाऱ्यांकडून नेमका हा शिक्काच बिघडतो, म्हणून कामाचं लिहिते.

परेडचे सुती हातमोजे घेऊ नका. त्यांच्या पाठीवर तीन उभ्या उठावदार शिवणी असतात, वर्तुळ त्यांवरून गेलं की रेघ तीनदा तुटते. दागिने हाताळायला वापरतात ते साध्या पाठीचे घ्या. हात कागदावर ठेवून बाह्यरेषा काढा, तिन्ही बाजूंनी ३ मिमी वाढवून जाड पुठ्ठा कापा आणि तो मोज्यात घाला. न घालता रंगवलं तर दोन चुका होतात: रंग झिरपून दोन्ही थर चिकटतात, आणि हात घातल्यावर कापड आडवं जास्त ताणलं जाऊन वर्तुळाचं अंडं होतं. पुठ्ठ्यावर कापड आधीच ताणलेलं राहतं.

बाहेरचं वर्तुळ ६ सेंमी, आतलं ४.८. टोकांसाठी कोनमापकाने दर ७२ अंशांवर खूण. तिन्ही वाक्यं रोमन लिपीत एकाच कड्यात बसवायची तर ४४ अक्षरं आणि शब्दांमधल्या १० मोकळ्या जागा, एकूण ५४ घरं. कड्याच्या मध्यावरचा घेर साधारण १७ सेंमी, म्हणजे दर घराला ३ मिमी. घरं आधी पेन्सिलीने आखा, नाहीतर शेवटचा शब्द हमखास चेपतो. फॅब्रिक कलर, शून्य नंबरचा ब्रश, पाणी जवळजवळ नाहीच. परमनंट मार्करची शाई धाग्याधाग्याने पसरते आणि कडेला जांभळट छटा धरते. २४ तास वाळवून वर पातळ फडकं टाकून इस्त्री, वाफ बंद ठेवून.

शाईचा डाग

@कापडचोपड, आभार. ४४ अक्षरं मोजलेली पाहून बरं वाटलं.

@उलटतपासणी, शून्य पातळीचा मुद्दा मान्य करतो. 'गळपट्टा' हा शब्द मागे घेतो. पण तो मागे घेतल्यावर डिझाइन सजावट ठरत नाही, शवपेटीवरची ओळ नीट वाचावी लागते. मी ती घाईत वाचली होती. त्या पक्ष्याचे पंख कोणी छाटलेले नाहीत, तो स्वतः खातोय. हातमोजे हेलसिंगने दिले, पण रोज हातात चढवणारा तोच. डगल्याचंही तसंच: सक्तीची वर्दी नाही, पत्करलेली आहे.

उलटतपासणी

म्हणजे तुमचा प्रस्ताव बदलला, हे नोंदवून ठेवतो. आणि तरी एक खुसपट: ती ओळ इंग्रजीत आहे, जपानी वाचकांपैकी कितींनी वाचली असेल?

चांदणी_५

त्याचं नावच बघा. जपानीत ते 'आकाडो' असं लांबवून लिहितात, 'लु' नाहीच. म्हणून सुरुवातीला रोमनमध्ये वेगवेगळी स्पेलिंगं फिरली. 'दोराक्युरा' (ड्रॅक्युला) हा शब्द जपानी काना लिपीत उलटा वाचून 'आकाडो' मिळत नाही, रोमन अक्षरांत उलटवलं तरच कोडं सुटतं. अख्ख्या मालिकेचं मुख्य कोडं हिरानोने जपानी वाचकाला न दिसणाऱ्या लिपीत ठेवलंय. शवपेटीवरची ओळ त्याच जातीची.

काडतूस

किंवा दोन्हींचं इंग्रजी त्याला दिसायला आवडलं.

कापडचोपड

एक राहिलं. दोन्ही हातमोजे एकाच आकृतीवरून छापू नका, म्हणजे कागद उलटा करून आरशातली प्रत काढू नका. चांदणी तशीच दिसते, फसवते. अक्षरं उलटी येतात, आणि ते फोटोत कळतं.