मोठेपणी एडीएचडी: डॉक्टरांशी गोळ्यांबद्दल कसं बोललात?

निळीशाई
माळा आवरताना पाचवीचं प्रगतिपुस्तक सापडलं. शेरा: 'हुशार आहे, पण लक्ष खिडकीबाहेर.' चाळिशीत एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकत नाही, उतावळेपणा होतो त्या विकाराचं, निदान झालं तेव्हा सायकिअ‍ॅट्रिस्टनी हेच मागितलं होतं, कारण लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून होती का ते बघतात. तेव्हा काही सापडेना, म्हणून आईला फोन लावून दिला. आई म्हणे, "छे हो, व्यवस्थित होती आमची पोर. डबा, छत्री, स्वेटर तेवढं शाळेत राहायचं रोज." डॉक्टर लिहीतच सुटले.
गोळीचा विषय काढायला मात्र जीभ रेटेना. नशेसाठी मागतेय असं वाटलं तर? शेवटी कागदावर लिहून नेलं: पैसे असून वीजबिलाची मुदत चुकते, दूध गॅसवर ठेवून गॅलरीत जाते, मीटिंगमध्ये समोरच्याचं वाक्य मीच पुरं करते. 'मला एडीएचडी आहे' म्हणण्यापेक्षा हे सोपं गेलं.
तुमचं कसं झालं? लिहा.

भाजणीची_चकली
दूध!!! आमच्याकडे कुकर. शिट्ट्या आता नवरा मोजतो.

ढब्बू_मिरची
फॅमिली डॉक्टर: "इंजिनियर झालात ना? मग कसला एडीएचडी?" आणि बी-१२ लिहून दिलं. बी-१२ खरंच कमी निघालं, ते सोडा.
पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी बीपी, थायरॉइड, ईसीजी सगळं करायला लावलं. घरात हृदयविकार आहे का विचारलं. वडिलांचं सांगितलं तर गोळी मिळणार नाही अशी धाकधूक, तरी सांगितलं. ईसीजी बघून मिथाइलफेनिडेट (एडीएचडीची स्टिम्युलंट, म्हणजे मेंदूला चालना देणारी गोळी) सुरू केलं, अगदी कमी डोसवर. मग विचारलं, "दारू किती?" शेजारी बायको. मी म्हटलं, क्वचित. डॉक्टरांनी बायकोला बाहेर बसायला सांगितलं आणि प्रश्न परत विचारला 😄

भाजणीची_चकली
मग खरा आकडा काय 😂

ढब्बू_मिरची
बायको पण वाचते इथे.

कृष्णाकाठ
चिठ्ठी मिळाली म्हणजे सुटलो असं समजू नका. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत येतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक केमिस्ट दोन वर्षं ठेवतो. आमच्या गावात कुणी ठेवतच नाही, कोल्हापूर गाठावं लागतं. तिथे काउंटरवरचा पोरगा सगळ्यांदेखत ओरडला, "ही कंट्रोलवाली कुणाची?" मागे आमचे सरपंच उभे! डॉक्टरांना आधीच विचारा कुठल्या दुकानात मिळेल.

जर्सीकर
इथे न्यू जर्सीत वेगळी तऱ्हा. ऑक्टोबर २०२२ मध्ये एफडीएने (इथलं सरकारी औषध नियंत्रण खातं) अ‍ॅडरॉल या एडीएचडीच्या दुसऱ्या स्टिम्युलंट गोळीचा तुटवडा जाहीर केला, तेव्हा चिठ्ठी हातात आणि फार्मसी रिकामी. भारतात ते मिळतच नाही, त्यामुळे सुट्टीवर येण्याआधी डॉक्टरांशी बोलावं लागतं. जपानला तर नेताच येत नाही, बंदी आहे.

सईची_आई
मी लेकीला घेऊन गेले होते. तिचा फॉर्म भरता भरता माझेच पेन दोनदा हरवले. डॉक्टर म्हणाल्या, आई, तुम्हीपण एक अपॉइंटमेंट घ्या.
मला अ‍ॅटोमॉक्सेटिन दिलंय. स्टिम्युलंट नाही, पण पूर्ण परिणामाला चार-सहा आठवडे जातात हे मी विचारलं म्हणून कळलं, नाहीतर आठवड्यात सोडलं असतं. उपाशीपोटी घेतलं की मळमळ. तोंड सारखं कोरडं, ऑफिसात आवळा सुपारी घेऊन बसते.

तुळशीवृंदावन
ब्राह्मी घ्या हो. आमच्या आजेसासूबाई नव्वदीत पाढे म्हणायच्या.

सईची_आई
काकू, ब्राह्मी मीही घेत होते. डॉक्टरांना तेही सांगितलं, काय काय चालू आहे हे त्यांना माहीत असलेलं बरं. आजींना नमस्कार 🙏 कितीपर्यंतचे पाढे?

तुळशीवृंदावन
तिसापर्यंत. शिवाय पावकी, निमकी.

ढब्बू_मिरची
@कृष्णाकाठ कोल्हापूरच्या दुकानाचं नाव खासगी मेसेज करा ना. बहीण तिकडेच असते.

कृष्णाकाठ
केला. रविवारी बंद असतं, आणि मूळ चिठ्ठीच न्या, फोटो चालत नाही.