वाचनालयाचा ठेवा विकीवर: दान की दिवाळं?

दप्तरदार:
सध्या एक पोस्ट हातोहात फिरते आहे. सार असं: गिरगाव, परळ, दादरच्या वाचनालयांनी जुने फोटो, हस्तपत्रकं, मंडळांच्या स्मरणिका विकिपीडियाच्या हवाली करू नयेत. दिलं की गेलं, कुणीही कॅलेंडर छापून विकेल, वाचक पायरी चढणार नाही. द्यायचंच तर प्रत्येक चित्रावर वाचनालयाच्या नावाचा आडवा शिक्का उमटवून द्या. लोक डोळे मिटून अंगठे देत सुटलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

‘गेलं’ म्हणजे काय गेलं? कागद कपाटातच राहतो. आणि कागदाची मालकी म्हणजे मजकुराचा हक्क नव्हे, ही गल्लत त्या पोस्टमध्ये पहिल्या ओळीपासून आहे. सभासदाने आजोबांचा अल्बम भेट दिला तर अल्बम वाचनालयाचा. फोटोंचे हक्क लेखी दिले असतील तरच वाचनालयाचे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ ला तोंडी दान चालत नाही. उलट लेखक जाऊन ६० वर्षं झाली की पुढच्या १ जानेवारीपासून त्याचं लिखाण सगळ्यांचं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन भारतात मोकळं. तुमच्याकडे पहिली आवृत्ती आहे म्हणून तो हक्क तुम्हाला चिकटत नाही.

आता तो आडवा शिक्का. विकिपीडियाची चित्रं जिथे साठवतात त्या कॉमन्सवर तो खपत नाही. कुणीतरी तो पुसून चित्र पुन्हा चढवतो आणि त्या पुसण्यात चाळीच्या कठड्याला टेकलेली माणसं धूसर होतात. नाव टिकतं ते वर्णनात: संस्थेचं नाव, दाखल क्रमांक, मूळ मथळा जसाच्या तसा अवतरणात आणि आपला अंदाज वेगळ्या ओळीत. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीतली तारीख तिथे असते. रस्त्याची दोन्ही नावं द्या. ‘लॅमिंग्टन रोड’ शोधणारा ‘भडकमकर मार्ग’ टाईप करत नाही. शके असेल तर डोळे झाकून ७८ मिळवू नका. शके १८१२ च्या माघातली सभा १८९० ची नव्हे, १८९१ ची. जानेवारी ते पाडवा ७९ मिळवायचे.

कपाटाची_किल्ली:
लेख फर्मास. जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं नाव मात्र सोयीस्कर विसरलात. डिसेंबर २००८ मध्ये त्यांनी ८० हजारांवर फोटो कॉमन्सला दिले, तेही लहान आकारात. लोकांनी श्रेय न देता सर्रास वापरले आणि पुढे त्यांनी देणंच थांबवलं. सरकारी तिजोरी पाठीशी असलेल्यांचे हे हाल. क वर्गाचं सरकारी अनुदान वर्षाअखेरीला हातात पडणाऱ्या वाचनालयाने कुणाच्या मागे धावायचं?

आणि हिशोब करा. ए-फोर पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) रंगीत, कॉम्प्रेस न केलेली टिफ चित्रफाईल साधारण १०४ एमबी. ३०० ला २६ एमबी. २०० पानी एकच पुस्तक ३०० डीपीआयला ५ जीबीच्या वर. दोन ठिकाणी दोन डिस्क ठेवायच्या, त्या दर काही वर्षांनी बदलायच्या. त्याचे पैसे कॉमन्स देणार का?

दप्तरदार:
कॅलेंडर छापतील? छापतील. ‘धंद्यासाठी वापरू नये’ असा परवाना कॉमन्स घेतच नाही, त्यामुळे हे आधीच मान्य करून बसावं लागतं. पण हक्क संपलेल्या फोटोचं कॅलेंडर आजही कुणी छापू शकतो, विकी असो वा नसो. जर्मनांचे बहुतेक फोटो हक्कातले होते, त्यांनी परवाना दिला आणि अट मोडली गेली. आपण बोलतोय हक्क संपलेल्या मालाबद्दल. दोन वेगळी प्रकरणं एका पिशवीत कोंबू नका.

डिस्कचा खर्च खरा आहे, मान्य. पण तो जतनाचा खर्च आहे, विकीचा नाही. हक्कात असलेल्या पुस्तकाचीही जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायला २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये बिगर-व्यावसायिक सार्वजनिक वाचनालयांना मुभा मिळाली. अट एवढीच की छापील प्रत आधीपासून तुमच्याकडे हवी. ती प्रत नेटवर चढवायची मुभा नाही, हेही तिथेच कळतं.

गंजकी_टाचणी:
तुमचं चालू द्या, कागदाची बाजू कुणीतरी बोला. उत्साही मंडळी पुस्तक सपाट स्कॅनरवर पालथं घालतात आणि वरून दाब देतात. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा लाकडी लगद्याचा कागद आम्लाने ठिसूळ झालेला असतो. शिवण तिथेच तुटते आणि पानं सुटी होतात. पुस्तक ९० अंशांपेक्षा जास्त उघडायचं नाही. व्ही आकाराचा पाळणा, वरून कॅमेरा, दोन बाजूंनी ४५ अंशात दिवे. पानावर चकाकी आली तर दिवे अजून खाली घ्या, काच दाबू नका.

स्मरणिकांच्या स्टेपलच्या टाचण्या मुंबईच्या दमट हवेत गंजून कागदात रुततात. ओढून काढलीत की कागदाचा तुकडा सोबत येतो. आधी मागचे दोन पाय पातळ पट्टीने सरळ करा, पट्टी आणि कागद यांच्यामध्ये प्लास्टिकचा तुकडा सरकवा, मग पुढून उचला. फाटलं तर सेलोटेप नको, ती पिवळी पडून कागदात डाग सोडते. जपानी टिश्यू (पातळ, चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. आणि लॅमिनेशन करणाऱ्याला कार्यकारिणीतून काढा (हलकं घ्या, पण खरंच काढा).

नोंदणीकृत_शंकासूर:
दप्तरदारांचा कायदा अर्धा आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळचं १९५७ चं निनावी पत्रक घ्या. निनावी म्हणजे प्रकाशनापासून ६० वर्षं, १ जानेवारी २०१८ ला भारतात मोकळं. पण कॉमन्सला अमेरिकेतही मोकळं लागतं. १ जानेवारी १९९६ ला जे भारतात हक्कात होतं त्याला अमेरिकेने प्रकाशनापासून ९५ वर्षं बहाल केली. म्हणजे तुमचं पत्रक थेट २०५३ मध्ये. पत्रकाखाली अण्णाभाऊ साठ्यांचं नाव असेल तर भारतातच २०३० पर्यंत थांबा, ते १९६९ साली गेले. आचार्य अत्रेही त्याच साली.

फोटोंचं आणखी निराळं. १९५८ पूर्वी काढलेल्या फोटोला जुन्या कायद्याची ५० वर्षं, म्हणून १९४६ पूर्वीचा फोटो दोन्हीकडे सुटतो. १९५५ चा इथे सुटतो, तिथे अडकतो. स्मरणिका म्हणजे तर गोधडी, प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा आणि कुणाचीच मृत्युतारीख ठाऊक नसते.

कपाटाची_किल्ली:
बघा! ज्या काळासाठी गिरणगावातली वाचनालयं मोलाची, तोच काळ बाद. उरलं काय, १९०५ ची कीर्तनाची पत्रकं?

दप्तरदार:
१९०५ ची कीर्तनाची पत्रकं तुम्हाला क्षुल्लक वाटतात यातच सगळं आलं. शंकासूर बरोबर आहेत, मी अमेरिकेचा भाग लिहायला हवा होता. मग दोन ढीग करा: १९९६ च्या आधीच इथे मोकळे झालेले, म्हणजे १९४१ पूर्वी गेलेले लेखक आणि १९४६ पूर्वीचे फोटो आधी चढवा, बाकीचे फक्त जतनासाठी स्कॅन करून वर्ष लिहून ठेवा. २०५३ च्या ढिगालाही आजच यादी लागते. आणि नाव, वर्ष, क्रमांक असल्या माहितीवर कुणाचा हक्क नसतो. ‘अमुक पत्रक, १९५७, दाखल क्रमांक अमुक, या वाचनालयात पाहता येईल’ एवढं कळलं तरी वाचक पायरी चढेल.

खिळेजुळारी:
फोटो राहू दे, पुस्तकांचं बोला. विकिस्रोतावर, म्हणजे विकीच्या जुन्या पुस्तकांच्या ग्रंथालयात, स्कॅनमधून अक्षरं उचलणारं यंत्र जुना छापा कसा वाचतं? ‘भ’चा ‘म’, ‘ध’चा ‘घ’, ‘ब’चा ‘व’, ‘ख’चा ‘रव’. दोन रकान्यांचं वर्तमानपत्र असेल तर डावीकडची ओळ सरळ उजवीकडच्या ओळीला जोडतं. आणि अनुस्वार! छपाईच्या झिजलेल्या खिळ्याचा अनुस्वार गायब आणि कागदावरच्या बुरशीच्या ठिपक्याचा अनुस्वार हजर. एक जण तपासतो तेव्हा पानाची खूण पिवळी, दुसऱ्याने तपासलं की हिरवी. हा दुसरा माणूस जुनं मराठी वाचणारा असतो का? तो ‘कांहीं’चं ‘काही’ करून हिरवं करून मोकळा होतो.

सोपं_करा:
करू दे की! १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आजचं पोरगं ‘काही’ शोधणार. ‘कांहीं’ ठेवून ते पान सापडणार कुणाला? वारसा वाचायचा असतो, पूजायचा नसतो.

खिळेजुळारी:
न उच्चारलेला म्हणजे बिनकामाचा? ‘ती पुस्तकें’ आणि ‘तीं पुस्तकें’ यात दुसरंच शुद्ध, तो अनुस्वार नपुंसकलिंगी अनेकवचन सांगतो. ‘नांव’ म्हणजे नाम, ‘नाव’ म्हणजे होडी. बंदरावरच्या जुन्या मजकुरात ‘नावेचें नांव’ आलं तर तुमचं सोपं मराठी त्याचं काय करणार? तुम्ही स्वतः ‘सोपं’ लिहिलंय, ‘सोपे’ नाही. तो अनुस्वार बरा चालला.

सोपं_करा:
तो उच्चारातला आहे, महाराज. बोलण्यातलं ‘सोपं’ आणि तुमचं पोथीतलं ‘सोपें’ एक नव्हे. आणि ‘नावेचे नाव’ कुठल्याही शाळकरी मुलाला संदर्भाने कळतं. जुन्या ठिपक्यांवर पोट भरणाऱ्यांनाच ते कळत नाही.

खिळेजुळारी:
पोट भरतं कुणाचं? मुद्रितशोधनाला पानामागे किती मिळतात ते विचारा, मग बोला.

गंजकी_टाचणी:
धागा भरकटला. त्यापेक्षा टाचण्या काढा.

नोंदणीकृत_शंकासूर:
यात तंत्राने मार्ग आहे, पण भांडायला मिळणार नाही. मजकूर स्कॅनबरहुकूम ठेवायचा, जुन्या अनुस्वारांसकट. छपाईची उघड चूक असेल तर ती तशीच ठेवून खूण करायची. पुस्तकाच्या नावाच्या आजच्या रूपावरून मूळ पानाकडे वळवणारं पुनर्निर्देशन करायचं, म्हणजे शोधणारा पोचतो. विकिपीडियावरच्या लेखात मात्र आजचं शुद्धलेखन आणि खाली त्या पानाचा संदर्भ. आणखी एक: खातं माणसाचं काढा. पाच जणांनी एकच पासवर्ड वाटून ‘वाचनालय’ नावाने काम केलंत तर खातं बंद होण्याची पाळी येते. आणि ग्रंथपालांनी आपल्या संस्थेवर गौरवलेख लिहू नये, परिसराच्या लेखांना संदर्भ द्यावेत.

सोपं_करा:
पुनर्निर्देशन फक्त शीर्षकाला झालं. आतल्या पानावरचं ‘कांहीं’ कोण शोधून देणार? ...असो. स्कॅनबरहुकूम ठेवा, मी पिवळी पानं हिरवी करायला येणार नाही एवढंच.

खिळेजुळारी:
उपकार होतील.

कपाटाची_किल्ली:
श्रेयाचा प्रश्न कुणी सोडवला नाही आणि मी मत बदललेलं नाही. पण १९४१ पूर्वी गेलेल्या लेखकांची यादी करायला विकी लागत नाही, ती करायला हरकत नाही. दाखल नोंदवहीतून काढायची म्हणजे लेखकाच्या रकान्यात निम्म्या ठिकाणी ‘एक गृहस्थ’ लिहिलंय. दप्तरदार, हे ‘एक गृहस्थ’ निनावीत धरायचे का?

नोंदणीकृत_शंकासूर:
निनावीच. प्रकाशनापासून ६०. पण मुखपृष्ठाच्या मागचं पान बघा, पुष्कळदा प्रकाशकाने प्रस्तावनेत नाव फोडलेलं असतं.