शब्दचर्चा: 'डॉक' म्हणजे गोदी की धक्का?

प्रश्न: आमच्या फिल्म मंडळात १९२८ चा 'द डॉक्स ऑफ न्यूयॉर्क' दाखवायचाय. जोसेफ फॉन स्टर्नबर्गचा मूकपट. पडद्यावर मधेमधे येणाऱ्या संवादांच्या पाट्यांचं मराठी माझ्या गळ्यात पडलंय आणि मी नावापाशीच अडकलेय. 'न्यूयॉर्कची गोदी' चालेल? आणि नायक बिल बोटीच्या भट्टीत कोळसा टाकतो, त्याला 'खलाशी' म्हणू का?

– गोदी नको. गोदी म्हणजे बांधून आत घेतलेलं पाणी, त्यात बोट उभी राहते. मुंबईतले प्रिन्सेस डॉक (१८८०), व्हिक्टोरिया डॉक (१८८८) या खऱ्या गोद्या. इंग्रजांचा 'डॉक' तो हाच. अमेरिकन माणूस मात्र बोट जिथे टेकते त्या बांधकामालाच डॉक म्हणतो, म्हणजे आपला धक्का. बिल एका रात्रीपुरता उतरतो, जीव द्यायला निघालेल्या मेला पाण्यातून काढतो आणि तिथल्याच गुत्त्यात तिच्याशी लग्न लावतो. हे सगळं धक्क्यावरचं जग.

– सहमत. माझे आजोबा गोदी कामगार. 'गोदीत चाललो' म्हणजे कामावर, 'धक्क्यावर चाललो' म्हणजे भाऊच्या धक्क्यावर मासळी आणायला. दोन्हींत कधी गल्लत झाली नाही. फक्त नुसतं 'धक्का' ठेवू नका, लोक रहस्यपट समजून येतील. 'न्यूयॉर्कच्या धक्क्यावर' ठेवा.

– खलाशी डेकवरचा. खाली भट्टीपाशी असतो तो आगवाला. आपल्याकडच्या बोटीवरच्या लोकांचा हा रोजचा शब्द होता. काजळीने माखलेला बिल 'आगवाला'च शोभतो.

– आणि वरच्या उत्तरात 'मेला पाण्यातून काढतो' वाचून मी दचकलो! मेला की वाचली? पाटीवर 'मे हिला' लिहा बाई.

प्रश्नकर्ती: हाहा, बरं झालं सांगितलंत. आता पत्रकासाठी एक शेवटचं. सकाळी तो निघतो, त्याचा खिसा फाटलेला असतो. ती शिवायला घेते, पण डोळे भरल्यामुळे सुई तिला धूसर दिसते, आणि पडद्यावर आपल्यालाही. मग तो ओवून देतो. सुई ओवतात की दोरा?

– दोरा, सुईत. पण घरात आम्ही सर्रास 'सुई ओवून दे' म्हणतो. आजीला दिसेनासं झालं तेव्हापासून रोज हेच ऐकतोय. पत्रकात 'सुई'च ठेवा.