बेसिनखालचं कपाट

ए-३०४: नमस्कार मंडळी. कॉमन बाथरूमचं बेसिन बदलतोय. बाथरूम ४ बाय ७, म्हणजे तुमचं आहे तेवढंच 😄 खाली व्हॅनिटी हवीच, असं सासूबाईंचं म्हणणं. दुकानात २४ इंची पांढरी, चकचकीत एक पाहिली. कोणी बसवलीय का?

बी-१०२: आम्ही बसवली होती. "होती" हे लक्षात घे. दोन पावसाळ्यांत खालची फळी भिजवलेल्या पोह्यांसारखी फुगली.

ए-३०४: अरे बापरे! काकू, कशाची होती?

बी-१०२: दुकानदार म्हणाला वॉटरप्रूफ. काढल्यावर कळलं, एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड. वरून झकास, आत लगदा.

सी-५०१: समोरून उडालेल्या पाण्याने फारसं काही होत नाही, लॅमिनेट सांभाळतं. पाणी शिरतं ते कडेने. पाइपसाठी मागच्या बाजूला भोक पाडतात ना, ती कापलेली कड कोणी सील करत नाही. दुकानात कपाट उघडून आधी कडा बघ, रंग नंतर.

ए-१०४: गेटसमोर लाल ॲक्टिवा कोणाची? काढा प्लीज, टँकर आलाय.

ए-३०४: मग प्लायची करून घेऊ का सुताराकडून?

सी-५०१: प्लाय घ्यायचा तर बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, मरीन. शीटवर आयएस ७१० हा त्याच्या मानकाचा नंबर छापलेला असतो. तो कापायच्या आधी बघायचा, नंतर सुतार कुठला तुकडा दाखवेल सांगता येत नाही. पण मला विचारशील तर एवढ्याशा जागेत डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेला बोर्ड बरा. फुगत नाही, वाळवीही लागत नाही. स्क्रू मात्र प्लायइतका घट्ट धरत नाही. बिजागरी एकदा निखळली की त्याच भोकात परत बसत नाही. म्हणून एक मोठं दार नको, दोन छोटी कर.

बी-१०२: आणि दार उघडायला जागा आहे का बघ गं. आमच्या बाथरूमचं दार आत उघडायचं, कपाटाचं बाहेर. रोज टक्कर.

सी-२०३: मापाचं मी सांगतो. तयार व्हॅनिटी बहुतेक वेळा भिंतीपासून १८ इंच पुढे येते. आपल्याकडे तेवढी घेतली तर कमोडवर बसलेल्याचा गुडघा थेट कपाटाला. मी फरशीवर पेपर अंथरून, चिकटपट्टी लावून दोन दिवस त्याला वळसा घालून वावरलो. बायको हसली. पण १६ वरून १४ इंचांवर आलो ते त्यामुळेच.

सेक्रेटरी: ठोकाठोकी दुपारी २ ते ४ बंद. आणि फरशीला ड्रिल कोणीही मारायचं नाही. वॉटरप्रूफिंगला भोक पडलं की पाणी खालच्या फ्लॅटमध्ये आणि भांडण माझ्या दारात.

ए-३०४: म्हणजे भिंतीला टांगायची?

सी-२०३: टांगलेलीच घ्या ताई. खाली आठ-दहा इंच मोकळं राहतं, पोछा फिरतो, वारा लागतो. फक्त भिंत बघून घ्या. आपल्या मधल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या आहेत, साध्या प्लास्टिक गट्टूवर भरवसा नको. वर बेसिन, त्यावर रेलून दात घासणारी पोरं. ब्लॉकसाठी वेगळे अँकर मिळतात, तेच आणायला सांगा.

डी-४०३: ॲक्टिवा माझी. काढतो. व्हॅनिटी वाचत बसलो होतो 🙏

डी-४०३: आलोच आहे तर सांगतो, ड्रॉवरवाली घेऊ नका. बेसिनच्या सांडपाण्याच्या पाइपचा बॉटल ट्रॅप मध्ये येतो, मग ड्रॉवरला खाच पाडावी लागते. आणि ट्रॅपची वाटी फिरवून केस काढायला हात जायला हवा, पाणी बंद करायच्या अँगल कॉकलाही. आमच्याकडे प्लंबरला पूर्ण कपाट उतरवावं लागलं होतं.

ए-३०४: टॉप कशाचा घेऊ? आणि टँकरच्या पाण्याचा तो पांढरा थर?

बी-१०२: नळावरचा थर असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, फडकं भिजवून पाच मिनिटं गुंडाळायचं, मग धुवायचं. पण टॉप कडाप्पा किंवा मार्बल असेल तर व्हिनेगर, लिंबू जवळही नेऊ नको. चुन्याचाच दगड तो, आंबटाने चकाकी जाते ती पुन्हा पॉलिश केल्याशिवाय येत नाही. ग्रॅनाइट घे.

बी-१०२: आणि एक. आमच्या बिजागऱ्या पाण्याने गेल्याच नाहीत. फरशीच्या ॲसिडची बाटली आत असायची, झाकण अर्धवट. वाफेने सगळं गंजलं. स्टीलच्याही टिकल्या नाहीत.

ए-३०४: काकू 🤦‍♀️ सासूबाईंना कपाट हवंय तेच मुळी ॲसिडची बाटली ठेवायला.

सी-५०१: 😂😂

ए-३०४: बाटली ड्राय बाल्कनीत जाईल. पण हे त्यांना कोण सांगणार? सेक्रेटरी काका?

सेक्रेटरी: हा विषय कमिटीच्या कक्षेत येत नाही.