निर्यातीच्या मालाचा कार्बन कोणाच्या खात्यात?

प्रश्न: न्हावा शेवा बंदरातून युरोपला जाणाऱ्या पोलादाच्या कंटेनरांची कागदपत्रे मी रोज तयार करतो. माल वापरणार ते, मग तो घडवताना निघालेला कार्बन भारताच्या नावे का?

उत्तर १: संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारानुसार उत्सर्जन ज्या देशात होते, त्याच्याच नावे नोंदले जाते. आपले पोलाद मुख्यत्वे कोळशावर बनत असल्याने निर्यात वाढली की आपला आकडा फुगतो आणि आयातदाराच्या खात्यावर काहीच चढत नाही, हे मला अन्यायकारक वाटते.

उत्तर २: व्यापारामुळे कार्बनचा हिशेब असा एकतर्फी होत असला, तरी सौर पॅनेल स्वस्त झाले, त्यातही व्यापाराचाच मोठा वाटा आहे.

उत्तर ३: युरोपीय संघाची सीमा-कार्बन आकारणी, म्हणजे आयात माल घडवताना निघालेल्या कार्बनवरचे शुल्क, १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांना लागू आहे. कारखान्याकडून उत्सर्जनाच्या पडताळलेल्या नोंदी वेळीच मागवा. त्या नसल्यास ठरावीक चढे आकडे गृहीत धरले जातात.